लाडकी बहीण आणि बेसिक इन्कम: छाननी नक्की कोणाची?

लाडकी बहीण सगळ्यांना पाठ आहे. जुलै २०२४ पासून महिना १५००, वय २१ ते ६५, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. त्यावर जास्त बोलत नाही. पण टीव्हीवरच्या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतं की युनिव्हर्सल बेसिक इन्कम (सरकारनं सगळ्यांना विनाअट ठरावीक रक्कम द्यायची ही कल्पना) म्हणजे हेच की, फक्त पुरुषांनाही द्यायचं, आणि मला आता ते ऐकवत नाही. रक्कम, वय, बाई की पुरुष हे फरक किरकोळ आहेत, उद्या नवा जीआर काढून बदलता येतील.

खरा घोळ होतो तो "मग अंबानींना पण देणार का?" या प्रश्नावर. हो, द्यायचे. लोकांना वाटतं इथेच आयडिया फसली, आणि नेमकं इथेच ती वेगळी होते. लाडकी बहीणमध्ये छाननी आधी होते, आणि ती गरिबाची होते. दाखला आणा, रेशनकार्ड दाखवा, ई-केवायसी करा. शिवाय रेषा एकच, त्यामुळे ज्या घराचं उत्पन्न २ लाख ४९ हजार आहे त्या बाईला वर्षाला १८ हजार, आणि नवऱ्याला चार हजार जास्त मिळून ते २ लाख ५३ हजार झालं की शून्य. म्हणजे चार हजार कमवून अठरा गमावले. अशा घरानं उत्पन्न लपवलं तर दोष त्या घराला देऊ नका, नियमाला द्या.

बेसिक इन्कममध्ये आधी कोणालाच काही विचारत नाहीत, पैसे सरसकट जातात आणि हिशोब नंतर टॅक्समधून होतो. समजा प्रत्येकाला वर्षाला १८ हजार दिले आणि प्रत्येकाच्या कमाईवर ५ टक्के जादा टॅक्स लावला. लाखभर कमावणारी ५ हजार भरेल, तिच्या हातात १३ हजार उरतील. ३ लाख ६० हजारवाला जितके घेईल तितकेच भरेल. वीस लाखवाला एक लाख भरेल, म्हणजे १८ हजार मिळूनही त्याच्या खिशातून ८२ हजार जातील. मदत हळूहळू कमी होते, कुठे एका रेषेवर एकदम बंद होत नाही, आणि तपासणी होते ती श्रीमंताच्या रिटर्नची. त्यामुळे "फक्त गरजूंना बेसिक इन्कम" असलं काही नसतं. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत यावर अख्खं प्रकरण होतं, पण वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशोब वरचे २५ टक्के लोक वगळून मांडला होता, आणि माझ्या मते तिथेच त्यातलं युनिव्हर्सल संपलं.

आता संपत्तीचं, कारण बेसिक इन्कम आलं की विषमता गेली असंही लोक धरून चालतात. महिन्याची रक्कम ही मिळकत आहे. जमीन, शेअर, वडिलोपार्जित इमारती ही मालमत्ता, आणि ती विकली नाही तर वाढलेल्या किमतीवर इन्कम टॅक्स लागतच नाही. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतात वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न होतं, पण संपत्ती ४०.१ टक्के. आपल्याकडे वारसा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये. म्हणजे वरचं उदाहरण उद्या लागू केलं तरी पगारदार भरेल आणि पडून असलेली मालमत्ता तशीच राहील.

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात १९७६ मध्ये तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा सरकारी फंडात ठेवायचं ठरलं आणि १९८२ पासून तिथल्या रहिवाशांना दरवर्षी त्यातून लाभांश मिळतो. तिथं मूळ मालमत्ताच सगळ्यांची राहिली. म्हणून माझा आग्रह आहे की बेसिक इन्कम द्यायचं तर पैसा जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून आणि मोठ्या वारशातून काढा. जीएसटी वाढवून देणार असाल तर मात्र माझा साफ विरोध, कारण रोजंदारीवरच्या बाईनं साबणावर भरलेलाच पैसा तिला मदत म्हणून परत मिळेल आणि वरच्या १ टक्क्याकडची ती ४० टक्के संपत्ती जिथल्या तिथं राहील.