'पुढची गोष्ट' आणि 'दुसरी गोष्ट'

वर्षानुवर्षांनी येणाऱ्या दुसऱ्या भागांची मराठीतली ताजी चर्चा सुरू झाली ती 'नवरा माझा नवसाचा 2'पासून. पहिला चित्रपट 2004 चा, दुसरा 20 सप्टेंबर 2024 चा. मुंबईहून गणपतीपुळ्याला नवस फेडायला निघालेली तीच जोडी, पण एसटीऐवजी आता कोकण रेल्वेची गाडी. पहिल्या भागात एसटीचे कंडक्टर झालेले नट दुसऱ्या भागात टीसी होऊन डब्यात शिरतात, तेव्हा थिएटरात एकदम हशा उसळतो. आधीचा अख्खा प्रवास लोकांना पाठ आहे, म्हणूनच तो उसळतो.

हे पाठांतर थिएटरनं घडवलेलं नाही, टीव्हीनं घडवलं. 2000 च्या आसपास खासगी मराठी वाहिन्या घरोघरी पोचल्या आणि सुट्टीच्या दुपारी तेच तेच चित्रपट पुन्हा पुन्हा लागू लागले. 1993 साली 'झपाटलेला' आला तेव्हा जन्मही न झालेल्या पोरांना तात्या विंचूचा बाहुला या दुपारींनी दाखवला. 2013 मध्ये 'झपाटलेला 2' थ्रीडीत आला तो या पिढीच्या भरवशावर. मधल्या काळात, 2004 च्या डिसेंबरमध्ये, पहिल्या भागाचा नायक साकारणारा नट गेला होता. म्हणून गोष्ट त्या नायकाच्या मुलाकडे सोपवावी लागली. 2008 च्या 'दे धक्का'चं कुटुंब 2022 मध्ये थेट लंडनला पोचलं, त्याच्याही मागे टीव्हीवरची ही ओळखच होती.

आता घोळाकडे. 'भाग 2' या शब्दांचा अर्थ आपल्याकडे कधीच पक्का झाला नाही. नाटक आणि मालिकांची नावं शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं. 'एका लग्नाची गोष्ट' हे नाटक 1998 मध्ये रंगभूमीवर आलं आणि वीस वर्षांनी, 2018 मध्ये, 'एका लग्नाची पुढची गोष्ट' आलं. मधल्या काळात टीव्हीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (2012) आणि 'एका लग्नाची तिसरी गोष्ट' (2013) या मालिका येऊन गेल्या. त्यांचा नाटकाच्या कथेशी संबंध नव्हता. 'पुढची' म्हणजे तीच माणसं, काळ पुढे सरकलेला. 'दुसरी' म्हणजे नवी माणसं आणि ओळखीचं नाव. मराठीनं हा फरक एका शब्दात करून ठेवलाय, पण पोस्टरवरचा 2 हा आकडा तो पुसून टाकतो. 'अगं बाई अरेच्चा!' (2004) मध्ये एका पुरुषाला बायकांच्या मनातलं ऐकू येतं. 2015 च्या 'अगं बाई अरेच्चा 2' मध्ये त्याची गोष्ट पुढे जात नाही, ती एका बाईची वेगळीच कथा आहे. तिकीट काढणाऱ्याला हे आधी कळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच घोळ 2025 मध्ये कोर्टात गेला. 2009 च्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' मध्ये मुंबईतला पिचलेला मराठी माणूस होता, तर 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय. पहिल्या चित्रपटाचे हक्क आपल्याकडे असल्याचं सांगत एक कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यायालयानं प्रदर्शन रोखायला नकार दिला आणि 31 तारखेला चित्रपट लागला. महाराजांचं नाव कुणा एकाच्या मालकीचं कसं असेल, ही लोकभावना मला पटते. पण नवा चित्रपट जुन्याचा पुढचा भाग ठरतो कधी, हा प्रश्न त्या नकारानं सुटलेला नाही.

तो सुटत नाही, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 'सिक्वेल' हा शब्दच नाही. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक नोंदवतात, पण ती आपसातली शिस्त झाली. चित्रपटाचा कर्ता कायद्यानं निर्माता असतो. कथा-पटकथा मात्र स्वतंत्र कृती, आणि तिचे हक्क कुणाकडे हे करार बघून ठरतं. जुन्या काळी आपल्या धंद्यात सगळी बोलणी 'निगेटिव्ह हक्क' (म्हणजे चित्रपटाच्या मूळ फिल्मची मालकी) आणि टेरिटरी (म्हणजे वितरणाचा प्रदेश) यांभोवती फिरायची. वीस वर्षांनी त्याच पात्रांवर पुन्हा कुणी चित्रपट काढेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसायचं.

लेखकाचं नुकसान होतं ते नेमकं इथे. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर ते 5 वर्षांपुरतेच दिले असं धरावं, अशी तरतूद 1994 च्या दुरुस्तीनं आणली. ती 10 मे 1995 पासून लागू झाली, पण त्याआधीच्या करारांना लागू नाही. म्हणजे मुदत न लिहिलेला 2004 चा करार असेल तर लेखकाला आपला हक्क परत मागता येतो. 1993 च्या लेखकाला या तरतुदीचा आधार नाही. त्याच्या लेखणीतून उतरलेलं पात्र घराघरांत बोललं जातं, आणि दुसऱ्या भागाची बोलणी होताना त्याला फोन करायचा की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर राहतं. 2012 च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाला रॉयल्टीत वाटा दिला, हे मोठंच पाऊल होतं. दुसऱ्या भागाबद्दल तीही गप्प आहे.

हे सगळं अलीकडचं, पण मुंबईला दुसरे भाग नवे नाहीत. 1935 च्या 'हंटरवाली'नंतर आठ वर्षांनी, 1943 मध्ये, 'हंटरवाली की बेटी' आला होता. नायकाच्या मुलाला पुढे आणायची युक्ती म्हणजे इतकी जुनी. रंगभूमीवर तर 'वाडा चिरेबंदी'मधलं वऱ्हाडातलं देशपांडे कुटुंब पुढच्या दोन नाटकांत काळाबरोबर सरकत गेलं. मराठीत 'पुढची गोष्ट' म्हणजे काय, हे दाखवायला मी अजूनही आधी त्या वाड्याकडेच बोट करीन.

चित्रपटात त्याच्या जवळ जाणारं उदाहरण 'नाळ'चं. पहिल्या भागात, 2018 मध्ये, आपण दत्तक आहोत हे एका लहान मुलाला कळतं. 2023 च्या दुसऱ्या भागात तो जन्मदात्या आईच्या गावी जातो. मुलगा तोच आहे, कॅमेऱ्यासमोर पाच वर्षांनी उंच झालेला, आणि त्याला पहिल्यांदाच धाकटी बहीण भेटते.