खाद्यपदार्थांतील भांग-तेले (मुंबई)

भांगेच्या झाडापासून मिळणारी आणि खाण्यात वापरली जाणारी तेले. मुंबईत ‘हेम्प ऑईल’, ‘विजया’, ‘सीबीडी’, ‘हॅश ऑईल’ ही नावे सरमिसळ कानांवर पडतात आणि सगळी एकाच वस्तूची वाटतात. प्रत्यक्षात बी, पान आणि फुलोरा यांपैकी कशातून तेल आले, यावर त्याचा गुण, त्याची नशा आणि त्याला लागू होणारा कायदा ठरतो. म्हणून बाटली हातात घेतल्यावर किमतीच्या आधी हे पाहावे.

बियांचे तेल तिळाच्या तेलासारखेच दाबून काढतात. बीच्या आत टीएचसी हे नशेचे द्रव्य जवळजवळ नसते. सालीला चिकटलेल्या राळेतून जे येईल तेवढेच. तेल हिरवट असते, चव कच्च्या अक्रोडाच्या जवळ जाणारी. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते, जोडीला ओमेगा-३ गटातले आम्लही. फोडणीला ते निरुपयोगी: कढई तापली की धुरावते आणि कडवट होते. कारळ्याच्या चटणीत किंवा गरम थालीपिठावर वरून एक चमचा सोडला तर मात्र ते खुलते. मुंबईच्या उकाड्यात उघडी बाटली लवकर खवट होते, त्यामुळे ती फ्रीजमध्येच ठेवावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली; तेलात टीएचसीची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. या तेलाने झोप येते, वेदना शमतात असे सांगणारा विक्रेता बियांच्या तेलाला अर्काचे गुण चिकटवत असतो.

दुसरा प्रकार म्हणजे विजया अर्क. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली आणि फुलोऱ्याशिवायची पाने व बिया वगळल्या. परवानाधारक आयुर्वेदिक कारखाने पानांचा अर्क काढतात तो याच आधारावर. औषधनियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत बिया सोडून भांग विषारी द्रव्यांत मोडते, म्हणून वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना बाटलीवर असावी लागते. ‘फुल स्पेक्ट्रम’ अर्कात सीबीडी या भांगेतल्याच दुसऱ्या द्रव्याबरोबर टीएचसीही असते आणि चव गवतासारखी कडवट लागते. ‘आयसोलेट’ म्हणजे निव्वळ सीबीडी, जवळपास बेचव. सीबीडीने नशा होत नाही, पण ते निरुपद्रवीही नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि फिट्सवरच्या क्लोबाझामचा परिणाम त्याने वाढतो. घरातल्या आजीआजोबांना गुडघ्यांसाठी ते परस्पर देऊ नये. आधी त्यांच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

तिसरे, फुलोऱ्याच्या किंवा राळेच्या अर्काचे तेल. याला परवानगी नाही. कायदा ‘हॅश ऑईल’ला चरसात धरतो, आणि तिथे हिशेब फार कडक होतो. शिक्षा सापडलेल्या मालाच्या वजनावर ठरते: गांजाची ‘अल्प मात्रा’ १ किलो, चरसाची १०० ग्रॅम, ‘व्यावसायिक मात्रा’ अनुक्रमे २० किलो आणि १ किलो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थाचे वजनही मात्रेत मोजायचे ठरवले. २०२१ मध्ये मालाडमधल्या एका बेकरीवर गांजाच्या ब्राउनींसाठी छापा पडला. अशा प्रकरणांत मैदा, साखर आणि लोणी यांच्या वजनाचाही प्रश्न येतो. पानांची भांगही राज्यात मोकळी नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ तिला मादक द्रव्य मानतो आणि तिच्यासाठी परवाना लागतो.

तेलाचाच एवढा विचार का, याचे उत्तर माजूम या भांगेच्या जुन्या मिठाईत आहे. भांगेची पाने पाणी आणि तुपात उकळायची, पाणी ओतून टाकून हिरवे झालेले तूप तेवढे ठेवायचे आणि ते साखरेच्या पाकात घालून वड्या थापायच्या. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. ठंडाईतही ते दुधाच्या आणि बदामाच्या स्निग्धांशातून उतरते. पोटात गेलेले टीएचसी यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनते, आणि ते मेंदूत सहज शिरते. धूर काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला अर्धा ते दोन तास लागतात आणि अंमल सहा-आठ तास किंवा त्याहूनही जास्त टिकतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. तासाभरात काही जाणवले नाही म्हणून दुसरी वडी तोंडात जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात: छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, आपण मरतो आहोत असे वाटू लागते. तूप किंवा तेल नीट ढवळले गेले नसेल तर एकाच ताटातल्या दोन वड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे सर्वांत घातक. त्यांना वडी ही वडीच दिसते आणि गमी ही चघळायची गोळीच. मूल अकारण सुस्त झाले, तोल जाऊ लागला, हाक मारून डोळे उघडेना, तर १०८ ला फोन करावा आणि त्याने काय खाल्ले ते डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे. उरलेला तुकडा आणि वेष्टन सोबत न्यावे.