छापून आलं म्हणजे सिद्ध झालं?

‘शोधनिबंध पिअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) होऊन छापला गेला, म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला’ हा समज चुकीचा आहे. परीक्षक सहसा दोन-तीन असतात. ते मजकूर वाचतात, पद्धत आणि युक्तिवाद तपासतात, शंका काढतात. प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. निबंध इतिहासाचा असेल, तर दफ्तरखान्यात बसून मूळ कागदही सहसा चाळत नाहीत.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला, मागे घेतला थेट २०१० मध्ये. तोवर धास्तावलेल्या कितीतरी आईवडिलांनी लस टाळली, याची चीड येते.

मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा निकाल जेमतेम ३६ टक्के प्रयत्नांत मिळाला. म्हणून आधी बघावं, तोच निष्कर्ष इतरांच्याही हाती लागलाय का.