२५० म्हणजे ‘पोचला’ नव्हे

दादरमधली एखादी सोसायटी घ्या. सेक्रेटरी म्हणतात, “नोटीस मेल केली होती, परत आली नाही.” सभासद म्हणतो, “स्पॅममध्येसुद्धा नाही.” दोघंही खरं बोलत असू शकतात.

मेल पाठवताना दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात. त्यांच्या या भाषेला एसएमटीपी म्हणतात, ती १९८२ पासूनची. आधी स्वतःची ओळख, मग कोणाकडून, कोणाला, मग मजकूर, आणि शेवटी ओळीवर एकटं टिंब. त्या टिंबाला काय उत्तर येतं, यावर सगळं ठरतं. ५५० म्हणजे नकार, ४५१ म्हणजे थोड्या वेळाने या, २५० म्हणजे घेतला. २५० येताच पाठवणारा सर्व्हर आपल्या रांगेतली प्रत काढून टाकतो. गेटवर वॉचमनने सही करून कुरिअर घेतलं, कुरिअरवाला निघून गेला. पाकीट चौथ्या मजल्यावर गेलं की नाही, हे त्याला कळत नाही.

मोठ्या मेल कंपन्यांची स्पॅम गाळणी २५० नंतरही चालते. तिथे संशय आला की मेल गुपचूप टाकून दिला जाऊ शकतो. परत पाठवत नाहीत, कारण स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि परतीचा मेल भलत्याच्याच माथी बसतो. कारण पटण्यासारखं आहे, पण मग टिंबालाच ५५० म्हणावं. ‘घेतला’ म्हणून गिळणं हा पाठवणाऱ्यावर सरळ अन्याय आहे.

असा मेल गायब होत असेल तर आधी पाठवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, २५० ची ओळ शोधा. मग मेल घेणाऱ्या त्याच कंपनीतल्या आपल्या खात्यावर एका ओळीचा मेल पाठवा. आला तर लिंक घाला, मग पीडीएफ जोडा. कशाने गायब होतो ते सापडतं. आलेल्या मेलमध्ये जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’वर एसपीएफ (आपल्या डोमेनवरून, म्हणजे @ नंतरच्या नावाने, कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींचा पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी मेळ) या तिन्हींसमोर ‘पास’ हवं. नेहमीची चूक एसपीएफमध्ये: मेल पाठवणारी नवी सेवा घेतली की दुसरी नोंद जोडली जाते. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच कोसळते; शिवाय त्या नोंदीतून १० पेक्षा जास्त डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांची नोंदयादी) चौकश्या निघता कामा नयेत. सर्व्हरच्या आयपीवरून, म्हणजे आकडी पत्त्यावरून, उलट शोधलेलं नाव, म्हणजे पीटीआर, तेही सर्व्हरच्या नावाशी जुळायला हवं.

विषयात ‘फ्री’ शब्द टाळला की झालं, ही अंधश्रद्धा. ‘१०० टक्के इनबॉक्स’ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. परक्या कंपनीच्या गाळणीवर त्यांचा ताबा नसतो.

सगळं ‘पास’ असूनही मेल गायब होत असेल तर मेल घेणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा. तिच्यात वेळ, आयपी आणि २५० च्या ओळीत पुढे आलेला मेलचा ओळख-क्रमांक जसाच्या तसा द्या. ‘मेल जात नाही’ एवढ्यावर त्यांना काहीच शोधता येत नाही.