तापाचा आज कितवा दिवस?

डेंग्यूचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते शोधतो. पण रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं होतं, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

ताप चढतो तेव्हा विषाणू रक्तात भरपूर असतो आणि एनएस-१ नावाचं आपलं एक प्रथिन तो रक्तात सोडत असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत ते सापडतं, मग ओसरत जातं. आयजीएम ही विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं शरीर तयार करतं, त्याला वेळ लागतो. ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी निगेटिव्ह येणारच! आणि सातव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली, तर डेंग्यू नव्हता असं म्हणता येत नाही.

आयजीएमसाठी भरवशाची चाचणी म्हणजे एलायझा. प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्या खळग्यांच्या तळाशी माणसाची आयजीएम धरून ठेवणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाच्या रक्ताचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पाणीदार भाग घालतात, मग डेंग्यूचं प्रतिजन, म्हणजे विषाणूचा प्रतिपिंडं ओळखतात तो अंश. पकडलेली आयजीएम डेंग्यूविरुद्धची असेल, तरच प्रतिजन तिला चिकटतं आणि शेवटी रंग उमटतो. तो किती गडद, हे यंत्र मोजतं. सरकारी रुग्णालयांना लागणारे हे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवून देशभर पाठवते, याचा मला फार अभिमान वाटतो. पट्टीवरची रॅपिड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत होते, पण तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

गुंता आणखी आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. दुसऱ्यांदा लागण झाली, तर आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) झपाट्याने वाढते आणि आयजीएम कधीकधी जेमतेम दिसते. झिका किंवा जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडंही चाचणीला चकवू शकतात.

आणि प्लेटलेट? त्या दीड लाखाच्या खाली गेल्या की घरात धावपळ सुरू होते. पण प्लेटलेट इतर तापांतही उतरतात, त्यावरून निदान होत नाही. डॉक्टर त्यांच्यासोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण पाहतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. हे बहुधा ताप उतरताना होतं, म्हणजे घरच्यांना हायसं वाटतं नेमकं त्याच दिवशी. तेव्हा पोट सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.