पाळीला एकच सपोर्टर : पोकेमॉन पॉकेटमधल्या एका नियमाची पार्श्वभूमी

नागपुरात पोकेमॉन पॉकेट हा फोनवरचा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या पोरांमध्ये सगळ्यात जास्त वाजतं ते मिस्टी या पानावरून. हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट येईपर्यंत एक डाव होऊन जातो, आणि तेवढ्यात कुणीतरी फोन टेबलावर आपटून म्हणतो, भाऊ, मी एक पान खेळलो नाही अन् हरलो. समोरच्यानं पहिल्याच पाळीत मिस्टी टाकलेली असते, नाण्याचे तीन छापे लागोपाठ पडून हल्ल्याला लागणारी एनर्जी मिळालेली असते, आर्टिकुनो ईएक्स या तगड्या पोकेमॉनचा ८० डॅमेजचा ब्लिझार्ड हा हल्ला बसलेला असतो आणि याच्या बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेत, दुसरा पोकेमॉन नसतो. राग रास्त आहे. पण त्याचं मूळ मिस्टीच्या पानात नाही, पहिल्या पाळीच्या नियमात आहे.

पोकेमॉनचा छापील पत्त्यांचा कागदी खेळ जपानात १९९६ साली आला, इंग्रजीत १९९९ साली. तेव्हा सपोर्टर, म्हणजे पाळीला एकच टाकता येणारं मदतीचं पान, हा प्रकारच नव्हता. बिल नावाचं पान टाकलं की नवी दोन पानं, प्रोफेसर ओक टाकला की हातातली सगळी पानं फेकून नवी सात. एका पाळीत किती टाकायचे यावर बंधन नव्हतं, त्यामुळे पहिल्या पाळीतच अर्धी गड्डी उपसता यायची. १९९८ च्या डिसेंबरात जपानात निघालेल्या गेम बॉयवरच्या खेळातही हेच चाललं. आपल्याकडच्या पोरांना पुढे पोकेमॉन माहीत झाला तो टीव्हीवरच्या मालिकेतून आणि चिप्सच्या पाकिटातल्या चकत्यांतून. हा खेळ बहुतेकांच्या हाती थेट फोनवरच पडला.

सपोर्टर आले ते २००१ च्या डिसेंबरात जपानात आणि २००२ च्या सप्टेंबरात इंग्रजीत. त्या पहिल्या पानांवर सूचनाच छापलेली असे: हे पान खेळल्यावर पुढच्या पोकेमॉनच्या शेजारी ठेवा, पाळी संपली की टाकून द्या. पाळीभर ते पान टेबलावर दिसत राहायचं, म्हणजे याचा सपोर्टर वापरून झाला हे समोरच्यालाही कळायचं. डिजिटलमध्ये हे काम सॉफ्टवेअर करतं, दुसरा सपोर्टर टाकूच देत नाही.

या एका बंधनानं खेळाचा हिशेबच बदलला. समोरच्याच्या बेंचवरचा पोकेमॉन ओढून पुढे आणायचा, हा परिणाम १९९९ साली गस्ट ऑफ विंड या पानात फुकट, म्हणजे पाळीतली एकमेव संधी न खर्चता, मिळत होता. २०११ साली पोकेमॉन कॅचर आला, तोही फुकट. त्यानं इतका धुमाकूळ घातला की २०१३ साली त्याला नाणेफेक जोडावी लागली. मग २०१४ साली लायसँड्र, २०१७ साली गुझ्मा, २०२० साली बॉसेस ऑर्डर्स, हे तिन्ही सपोर्टर. काम तेच, पण आता ते करायचं तर त्या पाळीत ओढायची पानं सोडून द्यावी लागतात. सपोर्टर नीट खेळणं म्हणतात ते हेच. पान काय करतं हे सगळ्यांना वाचता येतं, त्या पाळीत आपण काय गमावतो हे मोजणारे थोडे.

आता वादाकडे. कागदी खेळात पहिली पाळी खेळणाऱ्याला पानांच्या एक्सवाय मालिकेपासून पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही, आणि २०२० पासून सपोर्टरही टाकता येत नाही. एनर्जी मात्र लावता येते. ३० ऑक्टोबर २०२४ ला पॉकेट आला तेव्हा हे गणित उलटं मांडलं गेलं: पहिल्याला एनर्जी मिळत नाही, बाकी सपोर्टर आणि हल्ला दोन्ही मोकळे. बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. गड्डी फक्त २० पानांची, डाव तीन गुणांचा, एका नावाची दोनच पानं. एनर्जीही नाही आणि सपोर्टरही नाही असं केलं असतं तर पहिली पाळी नुसती पास म्हणायला उरली असती. पहिल्यानं प्रोफेसर्स रिसर्च टाकून दोन पानं घेतली तर कुणाचंच काही बिघडत नाही.

बिघडतं ते मिस्टी या सपोर्टरमुळेच. नाणं काटा पडेपर्यंत उडवायचं आणि जितके छापे तितक्या पाण्याच्या एनर्जी एका पोकेमॉनवर लावायच्या. पहिल्याला एनर्जी नाकारून जो तोल साधला होता तो हे एक पान मागच्या दारानं मोडतं. तीन किंवा जास्त छापे पडायची शक्यता आठात एक, आणि निम्म्या वेळा तर पहिलाच काटा पडून पान वाया जातं. म्हणून मिस्टी वाईट पान आहे असं कुणी म्हणतं, तेही खरं नाही, कारण एक छापा पडला तरी पुढे गेलेली एनर्जी डावभर पुरते. माझ्या मते सपोर्टरची मोकळीक योग्यच होती. चुकलं ते पहिल्या पाळीतला हल्ला मोकळा ठेवण्यात. कागदी खेळानं ते भोक आधीच बुजवलेलं होतं, तिकडे बघायला हवं होतं.

नागपुरातल्या कॉलेजच्या पोरांना एक गोष्ट सोयीची झाली: रिसर्च आणि पोके बॉल खेळातल्याच दुकानात तिकिटांवर मिळतात, पाकिटात नशीब लागायची गरज नाही. दोन रिसर्च ठेवले तर पहिली पाच आणि ओढलेलं एक, या सहा पानांत एखादा असण्याची शक्यता साधारण निम्मी. उरलेल्या जागांवर खरी निवड होते. जिओवानी या सपोर्टरचे जादा दहा डॅमेज फक्त तेव्हाच मोलाचे, जेव्हा समोरचा नेमक्या तेवढ्यानं वाचत असतो. सब्रिना ही सपोर्टर समोरच्याचा पुढचा पोकेमॉन मागे ढकलते, पण नवा कोण येणार हे समोरचाच ठरवतो. म्हणून ती मेंढीकोटातल्या हुकमासारखी राखून ठेवायची, समोरच्याच्या बेंचवर एकच कच्चा पोकेमॉन उरला की काढायची.

२०२५ च्या जानेवारीअखेर सायरस हा सपोर्टर आला आणि सब्रिनाची जागा आक्रसली. सायरस बेंचवरचा पोकेमॉन आपल्या पसंतीनं पुढे आणतो, अट एवढीच की तो आधी जखमी असावा. तेव्हापासून घायाळ ईएक्स मागे नेऊन लपवणं धोक्याचं झालं. ब्लिझार्डचे बेंचवर पडणारे दहा-दहा डॅमेज आधी किरकोळ वाटायचे, आता त्यांनीच सायरसचं गिऱ्हाईक तयार होतं. त्याच संचातली मार्स समोरच्याचा हात गड्डीत मिसळायला लावते आणि जिंकायला जितके गुण उरले तितकीच पानं देते. दोन गुण झालेल्याच्या हातात एकच पान राहतं. कागदी खेळात २०११ पासून एन नावाचा सपोर्टर जवळपास हेच काम उरलेल्या प्राइज पानांच्या, म्हणजे जिंकायला अजून घ्यायच्या पानांच्या, हिशेबानं करत आला, फक्त तो दोघांनाही लागू पडायचा.