शहरी बेघर निवारा केंद्र

शहरी बेघर निवारा केंद्र : डोक्यावर छप्पर नसलेल्या शहरवासीयांसाठी नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या जबाबदारीवर चालणारे, बारा महिने चोवीस तास खुले असणारे सार्वजनिक वसतिस्थान. लोकांच्या तोंडी ‘रात्र निवारा’ हा शब्द रुळला आहे, पण त्या शब्दाने कामाचे नुकसानच केले. रात्री उघडून सकाळी सहाला माणसांना बाहेर काढणारी जागा आजारी माणसाच्या, बाळंतिणीच्या किंवा रात्रभर ट्रक उतरवून दिवसा झोपणाऱ्या हमालाच्या उपयोगाची नसते. झोपायची सोय हा निवाऱ्याचा एक भाग झाला. त्याच्याइतकाच मोलाचा दुसरा भाग म्हणजे पत्ता. शिधापत्रिका, बँक खाते, मतदार यादी, निराधार अनुदान या प्रत्येक दारावर पहिला प्रश्न पत्त्याचाच होतो, आणि बेघराकडे नेमका तोच नसतो.

बेघर कोणाला म्हणावे : जनगणनेत छताखालच्या ‘जनगणना घरात’ न राहणारी, म्हणजे पदपथ, पुलाखालची जागा, पाण्याचे मोठे पाइप, फलाट, देवळाचे आवार अशा उघड्या ठिकाणी राहणारी कुटुंबे बेघर धरतात. झोपडी कितीही मोडकी असली तरी तिच्यात राहणारा या व्याख्येत येत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री ही मोजणी झाली. देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले, त्यांतले ९.३८ लाख शहरांतले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर आणि एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीच्या मोजणीत माणसे सुटतात हे उघड आहे. केटरिंगच्या कामावर गेलेले, बाजार समितीत माल उतरवणारे त्या वेळी झोपलेले नसतात, तर गाडी येताना दिसली की काहीजण पोलिसांच्या धास्तीने जागा सोडतात. म्हणून निवाऱ्याची जागा ठरवण्यासाठीचे सर्वेक्षण एका रात्रीत उरकू नये. रात्री दहानंतर पहाटेपर्यंत, आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी आणि पावसाळ्यात एकदा स्वतंत्रपणे फिरावे लागते, कारण पाऊस सुरू झाला की उघड्यावरची सगळी वस्ती पुलांखाली आणि दुकानांच्या ओट्यांवर सरकते.

रस्त्यावरची माणसे एकाच कारणाने तिथे आलेली नसतात. नाक्यावर उभे राहणारे बिगारी, भंगार वेचणाऱ्या बायका, घरच्यांनी सोडलेले वृद्ध, मनोरुग्ण, मुंबईच्या पदपथांवर पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड असलेली पारधी कुटुंबे, आणि परळला टाटा रुग्णालयाबाहेर उपचार संपेपर्यंत थांबलेले कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक. या शेवटच्या गटासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा मोठा आधार आहे. मात्र धर्मशाळा मुदतीसाठी असते आणि निवारा केंद्र मुदत न लावता. सगळ्यांना एकाच दालनात कोंबणे ही निवारा चालवण्यातली पहिली चूक. कुटुंब, एकटी स्त्री, एकटा पुरुष, आजारी आणि वृद्ध यांच्यासाठी वेगळी केंद्रे किंवा निदान वेगळे मजले लागतात. नवरा पुरुषांच्या दालनात आणि बायको-मुले शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशी व्यवस्था केली की कुटुंब सरळ पदपथावर परतते. त्यांना आडमुठे म्हणण्यात अर्थ नाही.

न्यायालयीन पाया : १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवण्याची मुभा मात्र कायम ठेवली. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ उलटेपर्यंत हटवू नये, एवढीच सवलत मिळाली. निवाऱ्याचे बंधन आले ते अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून. डिसेंबर २००९ मध्ये, भर थंडीत, दिल्लीच्या पुसा रोडवरचा तंबूतला निवारा हटवला गेला. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी जानेवारी २०१० मध्ये ही बाब न्यायालयापुढे नेली आणि पुढच्या आदेशांतून मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा हे प्रमाण ठरले. २०११ ची मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे या हिशेबाने १२४ केंद्रे हवीत. प्रत्यक्षातली केंद्रे याच्या लहानशा हिश्श्याइतकीच आहेत.

मापदंड आणि पैसा : सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (पुढे दीनदयाळ अंत्योदय योजना) निवाऱ्याचे मापदंड लिहून काढले गेले. दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट, खाट-गादी-पांघरूण, सामान ठेवायला कुलपाचे कपाट, पाणी, न्हाणीघर, शौचालय, सामाईक स्वयंपाकघर. देखरेखीला एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीने तीन काळजीवाहक. जागा बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावी, असेही त्यात आहे.

शंभर जणांना या मापाने ५,००० चौरस फूट लागतात आणि मोक्याच्या जागी तेवढी जागा द्यायची कोणाची तयारी नसते. मग शहराबाहेरची पडीक शाळा किंवा समाजमंदिर निवडले जाते. पहाटे पाचला मंडईत हजर राहावे लागणारा हमाल रिक्षाचे पैसे घालून तिथे झोपायला जाणार नाही. केंद्र ओस पडते आणि ‘बेघरांनाच यायचे नसते’ असा शेरा फाइलवर चढतो. निवारा रिकामा दिसला की आधी त्याचे नाक्यापासूनचे अंतर मोजावे.

पैशाचे गणितही तुटपुंजे राहिले. पन्नास जणांच्या केंद्राला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख, तेही पाच वर्षांपुरते. म्हणजे महिन्याला ५० हजार. चार कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १० हजार जरी दिले तरी वीज, पाणी, साबण, धुलाई, औषध यांना १० हजार उरतात. माणशी दिवसाला सात रुपयांच्या आत. त्यातच अनुदानाचा हप्ता थकला की पहिली पाळी कापली जाते ती रात्रीची, जिची गरज सर्वांत जास्त. अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. महापालिकेच्या अंदाजपत्रकात निवाऱ्याची स्वतंत्र तरतूद असणे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले आहे.

कागदपत्रांची वाट : क्रम चुकला की महिने वाया जातात. आधी आधार. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात, फोटोवर सही-शिक्का मारून दिलेला दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. त्याची मुदत तीन महिने असते, म्हणून नोंदणीची वेळ ठरवूनच दाखला लिहावा. येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे कार्ड हरवलेल्या माणसाची नवी नोंदणी करणे. त्याच्या बोटांचे ठसे यंत्रणेत आधीच असतात, त्यामुळे अर्ज ‘दुबार’ म्हणून फेटाळला जातो. ‘पूर्वी कधी बोटे, डोळे दिले होते का?’ हे आधी विचारावे, आणि दिले असल्यास आधार केंद्रावर ठशांवरून जुना क्रमांक शोधून घ्यावा. सिमेंट कालवणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तिथे बुबुळाचा आग्रह धरावा.

आधार हाती येईपर्यंत बँकेत ‘छोटे खाते’ उघडता येते. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढे पुरते. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम १० हजारांपर्यंत. खाते बारा महिने चालते. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने.

त्यानंतर शिधापत्रिका. महाराष्ट्रात शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांपर्यंत असलेले कुटुंब प्राधान्य गटात बसते आणि माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. शिजवायला चूल नसेल तर पाच किलो तांदूळ विकला जातो, म्हणून सामाईक स्वयंपाकघराकडे चैन म्हणून पाहू नये. ६५ वर्षांखालच्या निराधारांसाठी संजय गांधी अनुदान आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. अर्ज अडतो तो बहुधा महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्यावर, आणि निवाऱ्याची जुनी नोंदवही इथे कामी येते.

मतदार यादीचा नियम त्या मानाने उदार आहे. बेघराला पत्त्याचा कागद द्यावा लागत नाही. नाव नोंदणीच्या नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन खात्री करायची. अधिकारी दिवसा येऊन ‘आढळला नाही’ लिहून गेला तर नियमाकडे बोट दाखवावे.

हे सगळे उभारलेले एका सकाळी नाहीसे होऊ शकते. अतिक्रमणाच्या गाडीत बोचके गेले की त्याबरोबर कागदही जातात. प्रत्येकाच्या कागदांच्या दोन प्रती केंद्राच्या कपाटात आणि एक फोटो फोनमध्ये, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

अन्न : शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. शहरी केंद्राला सरकार वर ४० रुपये देते. योजना चांगली, पण जेवण दुपारचे. रात्रीचे जेवण दात्यांवर सोपवले की सणावारी चार ठिकाणांहून पंगत येते आणि एरवी कोणी फिरकत नाही.

आजार : दाटीच्या दालनात खरूज एकाला झाली की सर्वांना होते. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचे, आठवड्याने पुन्हा. ते एकाच दिवशी सगळ्यांनी लावले आणि चादरी-कपडे गरम पाण्यात धुतले तरच उपयोग. एकेकाला उपचार देत बसले तर खरूज फिरत राहते. ढेकणांसाठी लाकडीपेक्षा लोखंडी खाटा बऱ्या. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. क्षयाचे उपचार किमान सहा महिने चालतात, आणि त्या काळात जागा बदलली तर औषध तुटते. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली. ती खात्यात जमा होते, म्हणजे गाठ पुन्हा बँकेशी.

भटक्या मनोरुग्णाबाबत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट आहे. पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत ठेवू नये, आणि बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा. हे काम होऊ शकते, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवले आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भीकविरोधी कायदा : १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना भटकणाऱ्यालाही भिकारी ठरवतो. वॉरंटशिवाय अटक आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, अशी त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमे रद्द केली. कामाच्या शोधात नाक्यावर बसलेला माणूस या कायद्यात सापडू शकतो. निवाऱ्याचे ओळखपत्र, त्यावर फोटो आणि केंद्राचा पत्ता, खिशात असेल तर बरीचशी पकड तिथेच सुटते.

बाहेरची वाट : निवाऱ्यातून लोक पुढे जातात ते बहुधा भाड्याच्या खोलीत, चार-सहा जण मिळून. अडथळा भाड्यापेक्षा अनामत रकमेचा असतो. त्यासाठी केंद्रातच दर आठवड्याला बचत जमा करावी, आणि ती केंद्राच्या पेटीत न ठेवता प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात भरावी. अकरा महिन्यांचा भाडेकरार करताना आधार, आधीचा पत्ता आणि ओळख सांगणारा माणूस, असे तिन्ही लागते. म्हणून खोली मिळाल्यावरही केंद्राच्या नोंदवहीतले नाव निदान वर्षभर काढू नये.